हा सोफा कोणाचा?

स्प्रिंगमास्तरांच्या घरात स्वतःचा म्हणावा असा सोफा कधीच नव्हता, आणि सोफ्यावाचून एक दिवसही गेला नव्हता. त्यांचा धंदाच तो. लोकांचे मोडके, खचलेले, मांजरांनी ओरबाडलेले सोफे आणायचे आणि नवे करून परत द्यायचे. पुढे कारखाना, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कारखान्यात काम संपलं की सोफा मागच्या खोल्यांत यायचा, कारण मास्तरांचा एक नियम होता. दुरुस्त केलेल्या सोफ्यावर आधी आपण चार दिवस बसून बघायचं. कुठे कुरकुरतो, कुठे टोचतो ते गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. त्यामुळे हे कुटुंब आज वकिलाच्या सोफ्यावर चहा घेई, तर पुढच्या आठवड्यात कुणा कारखानदाराच्या आरामखुर्चीत डुलकी काढी. सोफा परत गेला की दुसरा यायचा. मधल्या वेळात जमीन होतीच.

या घरात वाढलेल्या मुलीला बसून बघण्यापेक्षा ऐकून बघण्याचा नाद लागला. लहानपणी ती सोफ्याच्या पाठीला कान लावून पडायची आणि ओरडायची, "बाबा, डावीकडची तिसरी स्प्रिंग ढिली आहे!" मास्तर उघडून पाहत आणि ती तिसरीच निघे. त्यांना मोठं कौतुक. पुढे याच कानामुळे घरावर संकट येईल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कॉलेजचं दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मुलीने संध्याकाळी जाहीर केलं, "बाबा, मला भूकंप शिकायचाय."

"शिकायचाय म्हणजे? करायचाय?"

"अभ्यास करायचाय. जमिनीच्या आत काय हलतं ते ऐकायचं, मोजायचं. आपल्याकडे तो विषयच नाही. दुसऱ्या राज्यात कॉलेज आहे. तिसऱ्या वर्षाला तिकडे बदलून घेतात."

"आपल्याकडे का नाही?"

"आपल्या भागात भूकंप होत नाहीत."

"मग चांगलंच आहे की!" मास्तर म्हणाले. "होत नाहीत तिथेच राहावं शहाण्या माणसानं."

पण मुलगी हसली नाही. मास्तरांच्या बायकोने हातातला टाका तसाच ठेवून विचारलं, "खर्च किती?" आणि तिथून घरात दुसरा विषय राहिला नाही.

हिशेबासाठी मामाला बोलावणं गेलं. मास्तरांचा हा मेहुणा विमा विकायचा, त्यामुळे लोक मेल्यावर किती पैसे मिळतात हे त्याला तोंडपाठ होतं. जिवंत माणसाच्या शिक्षणाला किती लागतात हे मात्र त्याने नव्यानेच मांडायला घेतलं. कागदाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'इथे', दुसऱ्या बाजूला 'तिकडे'. 'इथे'ची बाजू दोन ओळींत आटोपली. 'तिकडे'ची बाजू कागद उलटून मागे गेली.

"दाजी, परराज्यातल्या मुलांना फी तिप्पट आहे."

"का? ती तिप्पट जागा व्यापतात?"

"तिथले लोक कर भरतात, आपण भरत नाही म्हणून. शिवाय इथे शिकलेले सगळे विषय तिकडे धरत नाहीत. एक सहामाही वाया. ती पुन्हा भरा. वर होस्टेल, वर जेवण." मामाने पेन खाली ठेवलं. "नाकापेक्षा मोती जड होतोय, ताई."

"तिकडे मदतही देतात," मुलगी म्हणाली. "घरची परिस्थिती बघून. मी अर्ज केलाय."

इथे मास्तरांच्या मनातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्यांनी ती कुणालाच सांगितली नाही. मुलीने जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि 'जाऊ नको' असं आपल्या तोंडून निघू नये, असंही तितक्याच मनापासून वाटत होतं. या पेचातून त्यांना खर्चाने सोडवलं. नकार त्यांनी द्यायचाच नाही, परस्पर हिशेबच देईल. म्हणून ते मोठ्या मनाने म्हणाले, "मदत मिळाली तर खुशाल जा." अनोळखी लोक आपल्याला पैसे सोडतील यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

आठवड्याभरात तिकडून निरोप आला. अर्ज विचारात घेतला आहे, मात्र आमच्या मदत कक्षाच्या अधिकारी पालकांशी व्हिडिओवर बोलतील आणि राहतं घर पाहतील. दिवस शनिवार, वेळ सकाळची.

मामा शुक्रवारीच मुक्कामाला आला. आल्या आल्या त्याने घरावरून नजर फिरवली आणि कपाळावर हात मारला.

त्या आठवड्यात 'बसून बघायला' काय होतं ते सांगतो. बाहेरच्या खोलीत दातांच्या डॉक्टरीणबाईंचा पांढऱ्याशुभ्र चामड्याचा सोफा होता, ही भिंत ते ती भिंत. त्याच्यासमोर एका नाटक कंपनीचं सिंहासन, लाल मखमलीचं, हातांना सोनेरी सिंह. स्वयंपाकघरात कुठल्याशा हॉटेलच्या सहा नक्षीदार खुर्च्या.

"दाजी, मदत मागताय की खंडणी?"

"अरे, हे आपलं कुठाय?"

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. त्या बाईंना काय माहीत? उचला सगळं, कारखान्यात टाका."

"कारखाना भरलाय. आणि पाऊल ठेवलं तर भुसा उडतो. पांढरं चामडं आहे ते."

"मग झाका."

बायकोने घरातल्या होत्या नव्हत्या त्या चादरी काढल्या. सोफा झाकला, सिंहासन झाकलं. खुर्च्यांना चादर पुरेना म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मुलगी हे सगळं बघत दारात उभी होती. "खरं ते सांगूया ना," ती दोनदा म्हणाली. पण मामाचा आयुष्यभराचा अनुभव असा होता, की खरं सांगितलं की विमा विकला जात नाही.

शनिवारी सकाळी मोबाइल खिडकीत टेकवून ठेवला. पडद्यावर अधिकारी बाई आल्या. चष्मा, नीट विंचरलेले पांढरे केस, आणि कुणालाही लगेच हसू न देणारा चेहरा. नमस्कार झाले. बाईंनी मास्तरांच्या मागे पाहिलं.

"आपण कुठे लांब निघालात का?"

"नाही बाई. का?"

"घर बंद करून जाताना मोठ्या घरांतून असं फर्निचर झाकून ठेवतात, म्हणून विचारलं."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मामा कॅमेऱ्याच्या बाहेरून हातवारे करू लागला. "धूळ, धूळ म्हणा," तो पुटपुटला.

"धूळ म्हणा," मास्तर म्हणाले.

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. "बाकीचं घर दाखवा जरा. स्वयंपाकघर?"

"तिथे काही नाही," बायको घाईने म्हणाली.

"काही नाही ते तरी दाखवा."

मुलीने मोबाइल उचलला आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं. सहा नक्षीदार खुर्च्या ओळीने उभ्या होत्या, लग्नाच्या पंगतीला थांबल्यासारख्या.

"घरात माणसं किती?"

"तीन," मास्तर म्हणाले.

"आणि खुर्च्या सहा."

"मामा पण येतो कधीकधी," बायको म्हणाली.

आता मुलीला राहवेना. "मॅडम, हे काहीच आमचं नाही. बाबा सोफे दुरुस्त करतात. हे सगळं गिऱ्हाइकांचं आहे."

बाई थोड्या मागे रेलल्या. "गेल्याच आठवड्यात एका पालकांच्या दारात दोन मोटारी होत्या. दोन्ही शेजाऱ्यांच्या होत्या म्हणे. मग तुमचं स्वतःचं काय आहे? तुम्ही बसता कशावर?"

"यांच्यावरच," मास्तर अगदी खरं बोलले आणि ते अगदी खोटं वाटलं.

"आहे ना! आपलं स्टूल आहे!" मामाला एकदम प्रेरणा झाली. तो मोरीकडे धावला आणि मास्तरांच्या मालकीचं एकुलतं एक आसन घेऊन आला. त्याचे दोन पाय सुतळीने बांधलेले होते. लोकांच्या बैठका सजवणाऱ्याच्या घरी दिव्याखाली अंधार असतो तो असा. मामाने स्टूल कॅमेऱ्यासमोर ठेवलं आणि "हे बघा, यांची परिस्थिती" असं म्हणून त्यावर बसला.

परिस्थितीने लगेच अंग टाकलं. सुतळी सुटली, स्टूल एकीकडे गेलं, मामा दुसरीकडे. पडता पडता आधार म्हणून त्याने जे हाती आलं ते धरलं. ती सिंहासनावरची चादर होती. सिंहासन झळाळत उघडं पडलं आणि दोन सोनेरी सिंह थेट पडद्याकडे बघू लागले.

बाईंनी चष्मा सारखा केला.

"ते सिंह आहेत का?" बाईंनी विचारलं.

"नाटकातले," जमिनीवरून मामा म्हणाला.

"ते दिसतंच आहे," बाई म्हणाल्या. "नाटक पुरे झालं. एक साधी गोष्ट सांगा. मागचा तो लांबलचक सोफा कोणाचा?"

मास्तरांना हुरूप आला. याचा पुरावा त्यांच्याकडे होता. गिऱ्हाइकाचं नाव ते खडूने सोफ्याच्या पोटात लिहीत. "अगं, धर त्या बाजूने," असं म्हणून त्यांनी चादर ओढली आणि दोघांनी मिळून सोफा उताणा केला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की नाव आत आहे आणि त्यावर काळं कापड त्यांनी कालच ठोकून बसवलं आहे. चांगलं ताणून, काठोकाठ खिळे मारून.

"नाव याच्या आत आहे, बाई."

"मग फाडा की कापड. मी बघते."

मास्तरांनी खिशातली कात्री काढली. टोक कापडावर टेकवलं. मुलगी मोबाइल धरून उभी होती. तिचा श्वास मास्तरांना ऐकू येत होता. आणि कात्री काही पुढे जाईना.

"नवं कापड आहे, बाई," ते शेवटी म्हणाले. "आणि लोकांचं आहे."

तेवढ्यात दार वाजलं. दारात साक्षात दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, सोफा न्यायला टेम्पो घेऊन. मास्तरांना देव भेटल्यासारखं झालं. "या, या! वेळेवर आलात! या बाईंना सांगा, हा सोफा कोणाचा?"

"कोण बाई?" डॉक्टरीणबाई मोबाइलकडे वाकल्या.

अधिकारी बाई आपल्या धारदार आवाजात म्हणाल्या, "यांच्या उत्पन्नाची चौकशी चालू आहे. हा सोफा आपल्या मालकीचा आहे का? कितीला घेतला, कधी घेतला, सांगू शकाल?"

उत्पन्न आणि चौकशी, हे दोन शब्द एका वाक्यात आले मात्र, डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याचा रंग सोफ्यासारखा झाला. दवाखान्याचे पैसे त्या रोख घेत, आणि चोराच्या मनात चांदणं. कर खात्याने मास्तरांच्या घरातून आपल्यावर धाड घातली आहे अशी त्यांची खात्री पटली.

"माझा? छे!" त्यांनी कानांवर हात ठेवले. "मी हा सोफा आयुष्यात पाहिला नाही. या माणसालाही फारशी ओळखत नाही. मी रस्ता चुकले!" आणि त्या गेल्या. पाठोपाठ रिकामा टेम्पोही गेला.

"आम्ही कळवू," अधिकारी बाई म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

मास्तरांना हवं होतं तेच झालं होतं. नकार त्यांना द्यावा लागला नव्हता. आनंद व्हायला हरकत नव्हती, पण दुपारच्या ताटातला भात ते नुसता चिवडत बसले. मुलगी रडली नाही, भांडली नाही. आपल्या पुस्तकांवरची धूळ झटकत ती एवढंच म्हणाली, "एक कापड फाडायचं होतं, बाबा. परत ठोकायला तुम्हाला कितीसा वेळ लागला असता?"

हे मात्र त्यांना लागलं. कापड परत ठोकायला खरंच वेळ लागला नसता. मग हात का अडला? लोकांची वस्तू म्हणून, की नाव सापडलं असतं तर पोर गेली असती म्हणून? त्यांनी स्वतःलाच खोदून खोदून विचारलं आणि काही केल्या खात्रीचं उत्तर येईना. कुरकुर कुठल्या स्प्रिंगची आहे हे मास्तरांना न कळण्याची ही पहिलीच वेळ.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा माणूस हळूच येऊन म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, ती मंडळी गेली असतील तर सोफा द्या."

"कुठला सोफा?" आतून मामा गरजला. "बाईंनी कधी पाहिलाच नाही ना? दाजी, विकून टाका. पहिल्या वर्षाचं होस्टेल निघतंय यात!"

"तू गप्प बस," मास्तर म्हणाले. त्यांनी चपला घातल्या. "मुली, चल. मोबाइल घे."

"कुठे?"

"दातांकडे."

उभ्या आयुष्यात मास्तर गिऱ्हाइकाशी मोठ्याने बोलले नव्हते. दवाखान्यात ते सरळ आत शिरले तेव्हा खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते आणि डॉक्टरीणबाई त्यांच्या तोंडात डोकावत होत्या.

"बाई, सोफा तुमचाच आहे आणि तुम्हाला तो मिळणार. आत्ता, ताबडतोब," मास्तर म्हणाले. "पण आधी या फोनवर खरं सांगायचं. ती कर खात्याची बाई नव्हती. माझ्या मुलीच्या कॉलेजची होती. तुमच्या एका शब्दापायी माझ्या पोरीचं शिक्षण गेलं. ती जमिनीच्या पोटातलं ऐकू शकते! तिला इथे कोण शिकवणार आहे? तिला गेलंच पाहिजे!"

शेवटचं वाक्य आपण बोललो हे त्यांना मागाहून कळलं. मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. आ वासलेले गृहस्थही.

"कॉलेज?" डॉक्टरीणबाई मटकन स्टुलावर बसल्या. "म्हणजे मी एका कॉलेजला घाबरून पळाले? अहो, मग आधी नाही का सांगायचं!" त्यांनी हातमोजे काढले. मुलीने फोन लावला. चौथ्या प्रयत्नाला अधिकारी बाई मिळाल्या.

"सोफा माझाच आहे हो," डॉक्टरीणबाई एका दमात म्हणाल्या. "माझा, माझ्या पैशांचा. हा माणूस सज्जन आहे."

"मला ठाऊक आहे," अधिकारी बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे?" मास्तरांनी फोन जवळजवळ हिसकावला.

"अहो, अर्जासोबतचे तुमच्या कमाईचे कागद मी आधीच तपासलेत. घर बघायचं तो निव्वळ शिरस्ता. चादरी पाहिल्या तेव्हा मात्र मला शंका आली. पण तुम्ही ते कापड फाडलं नाहीत ना, तेव्हाच माझं ठरलं. स्वतःचा सोफा असता तर मुलीसाठी तुम्ही तो टराटरा फाडला असता. मंजुरीवर मी दुपारीच सही केली. परराज्याची जादा फी पूर्ण माफ. होस्टेल आणि जेवण तुमचं तुम्ही बघायचं."

मास्तरांनी फोन मुलीच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. ती फोनवर नुसतीच "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिली आणि डोळे पुसत राहिली. खुर्चीतल्या गृहस्थांनी आ तसाच ठेवून टाळ्या वाजवल्या.

बापलेक घराच्या वाटेला लागले. मग मुलीने विचारलं, "बाबा, खरं सांगा. मी जाऊ नये असंच वाटत होतं ना तुम्हाला?"

"होतं," मास्तर म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "अजून आहे. पण ते माझं मी बघीन. तू जा."

त्याच रात्री जेवणं उरकल्यावर मामाने नवा कागद घेतला. "हत्ती तर गेला," तो म्हणाला, "आता शेपूट बघू." होस्टेल मांडलं, जेवण मांडलं, वाया जाणारी सहामाही मांडली. मुलगी तिकडच्या ग्रंथालयात रोज थोडं काम करणार होती, ते वजा केलं. बायकोने साठवलेलं काढून समोर ठेवलं, तेही वजा केलं. ओढाताण होती, पण अंथरुणाबाहेर पाय जात नव्हते. मामाने खाली दोन रेघा ओढल्या. "जमलं! काठावर जमलं."

"एक राहिलं," मास्तर म्हणाले. "गाडीभाडं."

"धरलंय, दाजी. वर्षातून दोनदा, सुट्टीला येण्याचं."

"ते हिचं झालं. माझं?"

"तुमचं कशाला?"

"तिकडच्या खुर्च्या कशा आहेत कुणास ठाऊक. पोरगी दिवसभर बसणार. बसून बघायला नको?"

"किती वेळा?"

मास्तरांनी छताकडे पाहत जरा विचार केला. "महिन्यातून एकदा. फार नाही."

मामाने गुणाकार केला, पुन्हा केला आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. "दाजी, एवढ्या भाड्यात तिची ती तिप्पट फीच परवडली असती."

"बाबा, सगळ्या खर्चात तुम्हीच महाग पडताय!" मुलगी हसायला लागली. "दर महिन्याला येणार असाल तर मी इथेच राहते. स्वस्त पडेल."

"बरं बाई, दोन महिन्यांतून एकदा," मास्तर पडेल आवाजात म्हणाले. "लिही रे. एक तिकीट."

बायको पाठमोरी भांडी घासत होती. पहिल्या दिवसापासून या घरात मुलीने जावं या बाजूने ठामपणे उभं राहिलेलं ते एकच माणूस. तिने ना कधी हट्ट केला होता, ना कधी डोळ्यांतून पाणी काढलं होतं.

"एक नको," मागे न वळता ती म्हणाली. "दोन लिही."

मामाने टोपण काढलं, दोन लिहिली आणि बेरीज पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली.